देऊच्या जागी

"इथं पूर्ण सही, इथं पूर्ण सही, आणि इथं नुसती आद्याक्षरं," असं म्हणत शरदचंद्र कर्णिकांनी कागदाचा कोपरा बोटाने दाबून धरला. डोक्यावरचा पंखा जोरात होता.

कुमुदिनी सह्या करत गेली. एकोणीस, वीस, एकवीस. कशाचीही मोजणी करत राहायची तिला सवय होती. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत कर्णिकांचं ऑफिस होतं. आसपासच्या छोट्या कारखानदारांचे विम्याचे, फंडाचे, विक्रीकराचे सगळे कागद ते करून देत. प्रत्येकाच्या फाइलचा रंग वेगळा. कुमुदिनीची हिरवी होती. चार महिन्यांपूर्वी ती पातळ होती. आता तिला नाडी पुरत नव्हती. ही जाडी बघून तिला बरं वाटायचं. घराला कुलूप नीट लागलंय हे ओढून बघितल्यावर वाटतं, तसं.

टेबलावरचा फोन वाजला. कर्णिकांनी ऐकलं आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. "अंबरनाथहून. तुमच्या शेडच्या शेजारून."

शेजारच्या कारखान्याचा वॉचमन बोलत होता. तिच्या शेडमध्ये ॲसिड उडालं होतं, एका माणसाच्या हातावर. कोणाच्या, म्हणून तिने विचारलं.

"देऊ म्हणतायत, मॅडम. तिकडं भिंतीवर तक्त्यात देऊचंच नाव आहे म्हणे."

"तक्त्यातलं सोड. माणूस कोण आहे? देऊ की येसू?"

वॉचमन म्हणाला, ते त्याला काय माहीत, तिने यावं.

ती जिना उतरली तेव्हा पेन तिच्या हातातच होतं.

रिक्षा मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही ती एकच गोष्ट उलटसुलट करून पाहत राहिली. देऊ असेल तर त्याच्या पायात गमबूट असतील, डोळ्यांवर चष्मा असेल, काय करायचं ते त्याला ठाऊक असेल. देऊ असेल तर हात भाजला असेल, पण वरवर. येसू असेल तर? या 'तर'च्या पुढे तिचं डोकं जात नव्हतं. आणि आज शेडमध्ये दोघांतला कोण आला होता, हे आठ वर्षांत पहिल्यांदा तिला माहीत नव्हतं.

कुमुदिनी सबनीस रसायनशास्त्राची पदवीधर. नवरा एका मोठ्या कारखान्यात अधिकारी, घर बदलापूरला बेलवलीत. पंच्याऐंशी साली तिने अंबरनाथला ही भाड्याची शेड घेतली आणि गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पातळ ॲसिड बनवायला सुरुवात केली. काम ऐकायला साधं. तीव्र ॲसिड काचेच्या मोठ्या जारमधून यायचं, ते शिसं लावलेल्या टाकीतल्या पाण्यात बारीक धारेने सोडायचं, ढवळायचं, निवू द्यायचं, घनता मोजायची. मापकावर बारा-पन्नास आली की माल तयार. नियम एकच: पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. उलटं केलं तर वरचं पाणी क्षणात उकळतं आणि ॲसिड घेऊन अंगावर येतं.

टाकीवर ती देऊलाच ठेवायची. देऊ बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतला. धार धरावी तर त्याने. मनगट हलायचं नाही.

पण वाडीवरची रीत वेगळी होती. तिथे नोकरी माणसाला लागत नसे, घराला लागे. देऊला कामावर घेतलं तेव्हा ती जागा देऊच्या घराची झाली. लावणीला, कापणीला, लाकूडफाट्याला, कुणाच्या लग्नाला देऊ गेला की धाकटा भाऊ येसू हजर. न सांगता, न विचारता, ठरल्या वेळेला. सुरुवातीला कुमुदिनी रागावली होती. मग तिच्या लक्षात आलं की या घराचा खाडा कधीच पडत नाही. शेडमधल्या आणखी दोन घरांचंही असंच होतं. तिने त्यावर आपला उपाय काढला. रोज सकाळी आठला ती दारात उभी राहायची, समोर कोण आलंय ते पाहायची आणि वहीतल्या देऊच्या रकान्यात खूण करायची. देऊ आला तर भरलेलं वर्तुळ, येसू आला तर पोकळ. भरलेलं म्हणजे टाकी. पोकळ म्हणजे रिकामे जार धुणं. वही बंद करता करता ती तोंडाने सांगायची, येसू, आज धुवायला. येसू मान डोलवायचा. टाकीवर त्या दिवशी ती स्वतः उभी राहायची.

गेल्या वर्षी काम वाढलं, नऊ जागांच्या अकरा झाल्या आणि दहाच्या वर गेल्याबरोबर कायद्याने दार ठोठावलं. फॉर्म, रजिस्टरं, कामगार विम्याची कार्डं. ती संध्याकाळी स्वयंपाक करता करता फॉर्म भरायची आणि चुकायची. घनतेत तिसरं दशांशस्थळही न चुकवणारी बाई तारखा चुकवत होती. तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे कॅम्प तीनमधला बॅटरीवाला परसरामशेठ. तो एकदा तिचे डोळे बघून म्हणाला होता, "मॅडम, आप माल बनाओ. कागज का काम कागजवाले को दे दो." आणि त्यानेच कर्णिकांचा पत्ता लिहून दिला.

कर्णिक चोख माणूस होता. त्यांनी तिच्या वह्या नेल्या, छापील हजेरीपत्रक आणलं, सगळं त्यात उतरवून घेतलं. एकदा त्यांचा शेडमध्ये फोन आला होता. वहीत हे गोल कसले, काही काळे, काही पोकळ, असं ते विचारत होते. तिच्या हातात घनतामापक होता, नळी निथळत होती. ती म्हणाली होती, "दोन्ही हजरच धरा."

ते खरंच होतं. रिक्षात बसून तिने ते वाक्य दहा वेळा तपासलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग कर्णिकांनी कामवाटपाचा तक्ता टाइप करून दिला, कारण तपासणीला येणारा माणूस ॲसिडवर कोण आहे ते पहिलं विचारतो. प्लास्टिकमध्ये घालून तिने तो भिंतीला ठोकला. 'देऊ: टाकीत ॲसिड सोडणे.' कर्णिक म्हणाले, आता दोन-दोन ठिकाणी लिहू नका, गोंधळ होतो. वही ड्रॉवरमध्ये गेली. सकाळी आठला दारात उभं राहायचं कारण उरलं नाही. ती गॅरेजवाल्यांकडे ऑर्डरींसाठी फिरू लागली आणि शेडमध्ये अकराला पोचू लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा ती सकाळचा चहा खुर्चीत टेकून पिऊ लागली होती.

आणि हा लावणीचा महिना होता.

शेडच्या तोंडाशीच तिला वेणूबाई दिसल्या. त्या पॅकिंगला होत्या, शेडमध्ये सगळ्यात जुन्या. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

"येसू," त्या म्हणाल्या. तिने विचारायच्या आधीच.

त्याला पुढच्या चौकातल्या डॉक्टरकडे नेलं होतं. वेणूबाईंनी धुण्याच्या हौदात त्याचा हात कोपरापर्यंत दाबून धरला होता. "तुमीच सांगून ठेवलेलं ना, पाव तास पाण्यात. मी घड्याळाकडं बघत होते. तो ओरडत व्हता. मी म्हटलं, ओरड बाबा, पन हात नको काढू." मग खाली बघत त्या म्हणाल्या, "सकाळी त्यानंच मला विचारलं, तक्त्यात काय लिवलंय. मी वाचून दाखवलं."

कुमुदिनी टाकीपाशी गेली. एक जार तडकून आडवा पडला होता, फरशीवर चुन्याची भुकटी टाकली होती आणि तिच्यात पिवळट फेस धरला होता. जारच्या शेजारी ॲल्युमिनियमचं टमरेल. ते टमरेल धुण्याच्या हौदावरचं होतं.

कुणी काही सांगायची गरज नव्हती. येसू आठ वर्षं जार धूत होता. रिकामा जार पुढ्यात आला की टमरेलभर पाणी आत ओतायचं, खळखळायचं, उपडा करायचं. तळाशी राहिलेले चार थेंब कधी कुणाला भाजत नाहीत. आज तो देऊच्या जागी आला होता, म्हणून देऊचं काम त्याचं होतं. त्यात त्याला शंका घ्यावीशी वाटली नसणार. त्याने पुष्कळसा जार टाकीत सोडला. तळाला चौथाई उरलं, धार नीट येईना. तेव्हा त्याच्या हातांनी त्यांना येत होतं ते केलं. टमरेल घेतलं आणि जारमध्ये पाणी ओतलं.

डोळे वाचले होते. मानेवर दोन डाग, आणि डावा हात. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पाण्यात धरला नसता तर हात गेलाच असता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं खोल भाजली आहेत, आठवड्याभरात कातडी लावावी लागेल. त्यांच्याकडे ती सोय नाही. विम्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे, फुकट होईल. माणसाचं कार्ड आहे ना?

कार्ड होतं. देऊचं.

ती रात्र तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत. सकाळी नऊला ती डॉक्टरांकडे पोचली तेव्हा कर्णिक बाहेरच्या बाकावर बसलेले होते, मांडीवर हिरवी फाइल. तिने संध्याकाळी फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी रात्रीत दोन कागद तयार केले होते: अपघाताचा अहवाल आणि जखमीचा जबाब. चोवीस तासांच्या आत, म्हणजे अकराच्या आधी, ते जायला हवे होते. टायपिंग स्वच्छ होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की देऊ नावाचा नोंदणीकृत कामगार नेमून दिलेलं काम करत असताना जखमी झाला.

तिने कागद वाचून मांडीवर ठेवला.

"मला आधी सांगितलं असतंत तर," कर्णिक हळू म्हणाले. रागाने नाही. उलट त्यांच्या बोलण्यात ओशाळेपणाच होता. "एका नावावर दोन माणसं येतात हे मला कळायला हवं होतं."

"वहीत होतं."

"वहीत गोल होते, मॅडम."

कर्णिकांनी मग शांतपणे सगळं मांडलं, एका खाली एक. देऊच्या नावाने गेलं तर आजच भरती, उद्या-परवा ऑपरेशन, घरी बसल्याचा भत्ता. येसूच्या नावाने गेलं तर आधी चौकशी. मिळणार नाही असं नाही, पण सहा महिने लागतील, वर्ष लागेल. तोवरचं सगळं तिच्या अंगावर. शिवाय दंड. शिवाय इन्स्पेक्टर शेडमध्ये येऊन बसणार आणि बाकीची दोन घरंही उघडी पडणार. कार्डावरचा फोटो तर असा आहे की दोघा भावांतला कोण ते आईला सांगता यायचं नाही.

"आणि अर्जावर अंगठा आहे ना देऊचा," ती म्हणाली. "डावा. तो कुणी ताडून पाहिला तर?"

कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला. "डावा अंगठाच भाजलाय, मॅडम," ते म्हणाले. "ताडून पाहणार कशाशी?"

हे बोलल्यावर ते स्वतःच दुसरीकडे बघू लागले.

कुमुदिनीचं डोकं चालूच होतं. ते थांबवता आलं असतं तर तिने थांबवलं असतं. देऊ कागदावर जखमी झाला तर देऊला कामावर येता येणार नाही. येसू येऊ शकत नाही. म्हणजे घराची जागा रिकामी. पुढे बोटं वाकली नाहीत तर डॉक्टरांचं मंडळ हात तपासणार, कुणाचा? येसूचा हात आयुष्यभर देऊच्या नावाने दाखवावा लागेल. आणि दुसऱ्या बाजूला आठवड्याभरात कातडी. ती प्रत्येक वाट शेवटापर्यंत जाऊन बघत होती आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी तोच पांढरं बँडेज गुंडाळलेला हात होता.

ती उठून आत गेली. कर्णिक मागून आले.

येसू खाटेवर उशीला टेकून बसला होता. खाली फरशीवर त्याची बायको ठमी. भिंतीला टेकून देऊ उभा होता, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल. शेतातून तसाच निघाला असावा. कुमुदिनीला बघून तिघंही सावरले. जणू चूक त्यांच्या हातून झाली होती. ठमीने तिला बसायला आपली घडी घातलेली घोंगडी पुढे केली.

कुमुदिनी फरशीवरच बसली. तिने सोप्या शब्दांत सांगितलं की कागद दोन तऱ्हेने जाऊ शकतो. एका तऱ्हेने हात लवकर आणि फुकट बरा होईल, पण हात देऊचा भाजला असं लिहावं लागेल. दुसऱ्या तऱ्हेने काय होईल तेही सांगितलं, काही न लपवता.

देऊला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. "लिवा ना बाई माजा नाव. मी अंगठा देतंय. घर तं एकच हाये." मग त्याला काहीतरी आठवलं. "पन जागा ऱ्हाईल ना आमची?"

"तू कागदावर आजारी असशील, देऊ. तुला येता येणार नाही."

"मंग ठमी येल," देऊ म्हणाला.

कर्णिक खाकरले. ठमीने दिराकडे बघून पदर तोंडाला लावला. एवढ्या सगळ्यात तिला थोडं हसू आलं होतं.

येसू बांधलेल्या हाताकडे बघत होता. तो मुळात बोलायचा कमी. आठ वर्षांत तो कुमुदिनीशी सगळी मिळून शंभर वाक्यं बोलला असेल की नाही, कोण जाणे.

"बाई," तो म्हणाला, "हात तं माजा जलला. न कागदावं देऊचा. उद्या मना कोनी इचारला, हात कशानं गेला रं, तं मी काय सांगू? तवा मी कामाला नव्हतूच?"

त्याने हे तक्रारीने विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच काय सांगायचं ते माहीत करून घ्यायचं होतं.

कुमुदिनीने कर्णिकांकडे बघितलं. "कोरा फॉर्म आहे?"

"मॅडम, एकदा गेला की परत घेता येणार नाही."

"आहे का?"

कर्णिकांनी फाइलची नाडी सोडली. कोरा फॉर्म होता. त्यांच्याकडे सगळंच असायचं. तिने तो फाइलवर ठेवून स्वतःच्या अक्षरात भरला. नाव: येसू. नोंदणी क्रमांकाच्या जागी आडवी रेघ. कामाचं स्वरूप: जार धुणे. त्या दिवशी कोणतं काम करत होता या ओळीपाशी ती थांबली. मग लिहिलं, शिकवलेलं नसलेलं काम, तक्त्यातील नेमणुकीवरून. अपघाताचं कारण या रकान्यात तिने पाणी, ॲसिड आणि टमरेल तिन्ही लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य: सकाळी कामवाटपाच्या वेळी मालक हजर नव्हत्या.

कर्णिक वाचत होते. ते वाक्य गरजेचं नाही, असं ते पुटपुटले. तिने ते खोडलं नाही.

कातडी लावायचं ऑपरेशन कल्याणला करून घेता येईल, कालच डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, असं तिने ठमीला सांगितलं. दुसऱ्या टाकीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. जागेचं काय, असं देऊने परत विचारलं. ती म्हणाली की यापुढे दोघांची नावं वेगळी लिहायची, दोन ओळी. एक जागा दोघांत वाटून चालेल की नाही हे तिला ठाऊक नाही. कायद्याने बहुधा नाही चालणार. देऊने मान हलवली. ते त्याला पटलेलं नव्हतं हे तिला दिसत होतं.

"इन्स्पेक्टर आले की मी येईन," कर्णिक म्हणाले. मग म्हणाले, "त्या वह्या आणून ठेवा. आठही वर्षांच्या."

त्यांनी शाईचं पॅड उघडलं. जबाबाच्या कागदावर खाली छापलेलं होतं, डाव्या हाताचा अंगठा. कुमुदिनीने 'डाव्या'वर एक सरळ रेघ मारली, वर 'उजव्या' लिहिलं आणि शेजारी आपली आद्याक्षरं केली. मग कागद खाटेवर धरला, कोपरा बोटाने दाबून.

येसूने उजवा अंगठा पॅडवर टेकवला आणि मग कागदावर ठेवला. घाई केली नाही. उचलला तेव्हा खाली एकेक रेघ स्वच्छ उमटली होती.

शाई पुसायला दुसरा हात नव्हता. ठमी पदर घेऊन पुढे सरकली, तर त्याने मानेनेच तिला थांबवलं, आणि अंगठा तसाच अंगापासून दूर, वर धरून तो कागद वाळेपर्यंत बसून राहिला.